झिजायचे कोणी? वऱ्हाडच्या जिनांतला चामड्याचा रोलर

थ्रेड.

१/
यंत्राचे हलते भाग झिजू नयेत म्हणून माणसाने तेल शोधले, वंगण शोधले, बेअरिंग शोधले. कापसाच्या जिनमध्ये मात्र एक भाग असा आहे, जो झिजावा म्हणूनच बसवलेला असतो. तो म्हणजे चामड्याचा रोलर. अकोला, अमरावती, खामगाव, अकोट, दर्यापूर, धामणगाव या गावांची अर्थव्यवस्था शतकाहून अधिक काळ या रोलरवर फिरली. त्याच्या झिजेकडे नीट पाहिले, तर वऱ्हाडच्या कापूस-इतिहासाचा एक सहसा न दिसणारा भाग दिसू लागतो.

२/
आधी मूळ काम. शेतातून वेचून आणलेल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई असते, बाकी सरकी. दोन्ही वेगळे करणे म्हणजे रेचाई. हे काम सोपे वाटते, पण तंतू सरकीच्या सालीतूनच उगवलेला असतो. जोराने ओढला तर तुटतो, हळू ओढला तर सरकीवरच राहतो. तुटलेल्या तंतूला बाजारात भाव नाही, आणि सरकीवर राहिलेली रुई हा जिनमालकाचा तोटा.

३/
यंत्रयुगापूर्वी हे काम चरकीवर होई. एक लाकडी लाट, एक बारीक लोखंडी कांब, दोन्ही एकमेकींविरुद्ध फिरणाऱ्या. फटीतून रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. घरातल्या किंवा रोजाने आलेल्या बायका ते चालवत. लाकूड झिजले की गावचा सुतार नवी लाट करून देई. चरकीचा वेग कमी, पण तंतू शाबूत राहत असे, आणि झिजेचा खर्च गावातच भागत असे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. कारण पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राला या जुन्या चरकीशीच झुंजावे लागले.

४/
अमेरिकेत एली व्हिटनीच्या करवती जिनला १७९४ साली पेटंट मिळाले. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकन मळेवाल्यांची एक तुकडीच हिंदुस्थानात आणली. त्यांच्याबरोबर करवती जिनही आली. धारवाडकडे अमेरिकन बियाण्याचा कापूस रुजला, तिथे ती काही प्रमाणात चालली. आखूड धाग्याच्या देशी कापसाला मात्र करवतीचे दात मानवत नव्हते. तंतू कापला जाई. दुसरी अडचण अधिक व्यवहारातली होती. करवतीचे दात बोथट झाले की ते कोणी लावायचे? त्यासाठी धारवाडला सरकारी कारखाना चालवावा लागला. यंत्र आणणे सोपे असते, त्याची झीज भरून काढणारा माणूस जागेवर असणे अवघड.

५/
वऱ्हाडात टिकले ते दुसरे यंत्र. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० साली पेटंट घेतलेली रोलर जिन. तिची रचना अशी: चामड्याने मढवलेला रोलर फिरतो. त्याच्या अंगाला एक स्थिर पोलादी पट्टी दाबून बसवलेली असते. रोलरचा खरबरीत पृष्ठभाग तंतू धरून पट्टीखाली ओढतो. सरकी फटीतून जाऊ शकत नाही, ती पट्टीच्या कडेशी अडते. तेवढ्यात दुसरी, वरखाली हलणारी पट्टी तिला झटका देते आणि सरकी सुटून खाली पडते. इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर बनवली. इजिप्त आणि हिंदुस्थान ही त्यांची मोठी गिऱ्हाइके.

६/
पण चामडेच का? लाकूड गुळगुळीत होते आणि तंतू धरत नाही. लोखंड तर मुळीच धरत नाही. चामड्याचा गुण असा की त्याचा वरचा थर झिजतो तेव्हा खालून पुन्हा तितकाच खरबरीत थर वर येतो. म्हणजे झीज हा इथे दोष नाही, काम करण्याची पद्धत आहे. रोलर अजिबात झिजला नाही तर त्याच्यावर चकाकी चढते, तंतू निसटू लागतो. फार झिजला तर आठवड्याला नवा रोलर. फिटरचे सारे कौशल्य या दोन टोकांच्या मध्ये. अमेरिकेत आणि इजिप्तमध्ये या कामासाठी उत्तर ध्रुवाकडच्या वॉलरसचे जाड कातडे वापरले जाई. बर्फावरच्या प्राण्याचे कातडे आणि नाईलच्या काठचा कापूस यांची गाठ एका पोलादी पट्टीखाली पडत होती.

७/
हे तत्त्व एकट्या मॅकार्थीचे नव्हते. आदल्याच वर्षी, १८३९ मध्ये, आयझॅक बॅबिट याला बेअरिंगच्या एका रचनेचे पेटंट मिळाले. फिरणाऱ्या पोलादी शाफ्टभोवती कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर द्यायचे. घासायची वेळ आली की मऊ अस्तर झिजेल, महागडा शाफ्ट वाचेल. अस्तर वितळवून पुन्हा ओतता येते, शाफ्ट पुन्हा घडवणे परवडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रविद्येचा हा मोठा शहाणपणा: झीज टाळता येत नाही, पण कोणी झिजायचे ते ठरवता येते.

८/
शिलाई मशीन याच पिढीचे अपत्य. एलायस हाउचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. पायमशीनचा गोल चामडी पट्टा, तेलाची बारीक छिद्रे, बॉबिनखाली साचणारा रोवा हे सारे जिनच्या घरातलेच नातलग. प्रत्येक जाणता शिंपी शिकाऊ पोराला एक गोष्ट बजावतो: खाली कापड नसताना दाबपट्टी टाकून मशीन चालवू नकोस. कापड नसले की खालचे दात आणि वरची पट्टी एकमेकांना खातात. तिथे कापड हेच संरक्षण. जिनमध्ये ते काम कापूस करतो. रोलर आणि पट्टी यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर सतत वाहत असेल तोवर चामडे सावकाश झिजते. थर तुटला की पोलाद थेट चामड्यावर घासते, चामडे तापते, जळका वास सुटतो.

९/
या एका बाबीतून पुढचा सगळा इतिहास उलगडतो, म्हणून ती आणखी थोडी समजून घ्यावी. कापूस रोलरच्या पूर्ण लांबीवर सारखा पडला पाहिजे. एका टोकाला ढीग आणि दुसऱ्या टोकाला मोकळी जागा असेल, तर रोलर मोकळ्या बाजूला जास्त खातो. मग तो एकसारखा गोल राहत नाही. पट्टी काही जागी दाबते, काही जागी सुटते. जिथे सुटते तिथे रुई सरकीवर राहते, जिथे दाबते तिथे तंतू तुटतो. जुन्या जिनांमध्ये हा कापूस हाताने घातला जाई, आणि घालणाऱ्या बहुतेक बायका असत. प्लॅटच्या यंत्राची झीज किती व्हावी, हे मोठ्या अंशी त्या बायकांच्या मनगटावर अवलंबून होते. मजुरीच्या हिशेबात मात्र हे काम 'अकुशल'.

१०/
आता वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष वळले. १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. आधी स्टेशनांजवळ गाठी दाबणारे प्रेस उभे राहिले, मग त्यांच्या शेजारी जिन. चरकी हळूहळू मागे पडली.

११/
जिनचा हंगाम लहान. दिवाळीच्या सुमारास बंड्या येऊ लागतात, उन्हाळा तापेपर्यंत काम संपते. एका हंगामात सारे वर्ष कमवायचे, म्हणून यंत्र दिवसरात्र चालवायचे. बाकीचे महिने फिटरचे: रोलर उतरवणे, पट्ट्यांना धार लावणे, बेअरिंगमध्ये नवे अस्तर ओतणे, पट्टे शिवणे. मोठा सुटा भाग मोडला तर तो ओल्डहॅमहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने येणार. तेवढ्यात हंगाम निघून जाणार. म्हणून हंगामातली प्रत्येक झीज आधी ओळखणे हाच खरा धंदा होता.

१२/
तेलाचा विषयही साधा नव्हता. वऱ्हाडात जवस भरपूर पिके. पण जवसाचे तेल हवेत वाळते, त्याची चिकट साय धरते. रंगाला ते उत्तम, बेअरिंगला घातक. एरंडेल तसे वाळत नाही आणि दाट असते. हिंदुस्थानी रेल्वेने एकोणिसाव्या शतकात वंगणासाठी त्याचा मोठा वापर केला. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नसे. जिनमध्ये आणखी एक बंधन होते. तेल यंत्राला हवे, पण रुईला एक थेंबही चालत नाही. डाग पडलेली रुई कमी भावात जाते. शिंपी तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारून पाहतो, त्यामागे हीच भीती. फरक इतकाच, की जिनमध्ये उडणारा रोवा तेलाला चिकटतो, त्याचा लगदा होतो, आणि तो लगदा तेलाची वाटच बंद करतो. कोरडे बेअरिंग तापते. भोवती मोकळी रुई. पुढचे सांगायला नको. जिनला लागलेली आग वऱ्हाडातल्या कोणत्याही कापूस-गावाला नवी नाही.

१३/
यंत्राची अशी काळजी घेतली जात असताना माणसांचे काय चालले होते? १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, आणि वर्षाला चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिनचा हंगाम साधारण तेवढाच. कायद्याच्या जाळ्याची वीणच अशी, की जिन सुटून जावी. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे वेगळ्या हुकमानेच लागू होत.

१४/
१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला दिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्याच कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांविषयी ज्या साक्षी झाल्या, त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, आणि गर्दीच्या दिवसांत तेच स्त्री-पुरुष रात्रंदिवस यंत्रापाशी. खानदेशचा आणि वऱ्हाडचा कापूस, यंत्रे आणि हंगाम सारखेच होते. यंत्राला तेलासाठी थांबवले जाई. घालणारीला थांबवण्याचा नियम नव्हता.

१५/
आता नवव्या भागातली गोष्ट इथे जोडून पाहावी. सोळाव्या-सतराव्या तासाला मनगट जड झाले की कापूस सारखा पडत नाही. रोलरवर मोकळ्या जागा राहतात. चामडे तिथे जास्त खाते. म्हणजे माणसाची झीज यंत्रात उतरत होती. मालकाच्या वहीत ती चामड्याच्या खर्चात धरली जाई.

१६/
१९०७-०८ च्या फॅक्टरी कामगार कमिशनने हंगामी कारखान्यांतल्या अतोनात तासांची पुन्हा नोंद घेतली. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखाने कक्षेत आले. बायकांना रात्री कामाला लावण्यावर बंदी होती, पण जिन आणि प्रेसला सूट मिळाली. अट अशी की प्रत्येकीला अकरा तासांहून अधिक काम पडू नये इतक्या बायका कामावर ठेवाव्यात. कागदावर अट चांगली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला हंगामाच्या चार महिन्यांत, दूरदूरच्या गावांत, रात्री कोण निरीक्षक जाणार, हा प्रश्न उरलाच.

१७/
एक छोटे विषयांतर, पण याच धाग्याचे. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला आवर्जून अपवाद केले. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वेळोवेळी देखभाल केल्यास यंत्र किमान वीस वर्षे चालावे. आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे झिजेलाही कमाल मर्यादा! किर्लोस्करवाडीच्या काळे यांनी यंत्र बनवले, पण ते अटींत उतरले नाही. बक्षीस तसेच राहिले. जिनच्या मालकांना अशी अट कोणी घातली असती तर काय झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१८/
स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. त्याच्या बाविसाव्या कलमात वंगण घालणारा माणूस प्रथमच स्पष्ट दिसतो. चालू यंत्राला तेल घालणे किंवा जुळवणी करणे हे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करायचे, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकाने द्यायचे. सैल धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात ओढली गेल्यावर काय होते, याचा अनुभव त्या कलमामागे आहे. सत्ताविसावे कलम तर थेट कापसाचे: कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या प्रेसच्या भागात बायका-मुलांना कामाला ठेवायचे नाही.

१९/
आता पुन्हा चामड्याकडे. विसाव्या शतकात हिंदुस्थानी जिनांमध्ये क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले रोलर रूढ झाले. क्रोम पद्धतीचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये घेतले. मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन याने विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे प्रयोग केले. गंमत अशी की त्याचा एक मुख्य हेतू विहिरीच्या मोटेसाठी टिकाऊ चामडे मिळवणे हा होता. पाण्यात न कुजणारे आणि घासले तरी तग धरणारे हे चामडे. जिनला हवे होते तेच.

२०/
दोन रोलरची, म्हणजे डबल रोलर जिन पुढे सगळीकडे पसरली. नव्या रोलरचा व्यास साधारण १८० मिलिमीटर. कामाने पृष्ठभाग गुळगुळीत झाला की त्यावर तिरप्या खाचा पाडाव्या लागतात, म्हणजे तो पुन्हा तंतू धरतो. हे काम वारंवार करायचे. दर वेळी चामड्याची भुकटी उडते. रोलर पट्टीवर घासतानाही ती सतत उडत असते. काही रुईत मिसळते, काही जिनच्या हवेत राहते.

२१/
ही भुकटी साधी नव्हती. क्रोमने कमावलेल्या चामड्यात क्रोमियम असते. त्यातले बरेचसे तुलनेने निरुपद्रवी रूपात असले, तरी त्याचे षट्‌संयुजी रूप फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते. जो गुण रोलरला उपयोगी बनवत होता, तोच इथे उलटला: झिजणारी वस्तू कुठेतरी जातेच. यंत्रविद्येने 'मऊ भाग झिजू द्या' म्हटले, पण झिजून तो कोणाच्या श्वासात जातो, हे बराच काळ विचारले नाही. धूळ-रोव्याने खोकला येतो हे जिनमध्ये राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. रुईच्या धुळीत चामड्याचा वाटा किती, हे नुसत्या डोळ्यांना कळणारे नव्हते.

२२/
हे काम प्रयोगशाळेने केले. १९२४ साली मुंबईत माटुंग्याला सुरू झालेली कापूस प्रयोगशाळा आज 'सिरकॉट' म्हणून ओळखली जाते. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र १९८५ पासून नागपुरात आहे. तिथल्या संशोधकांनी रोलरच्या भुकटीतून रुईत जाणाऱ्या क्रोमियमचा अभ्यास केला आणि क्रोम नसलेले रबरी रोलर विकसित केले. काम सोपे नव्हते. रबर तापते, तापले की मऊ पडते किंवा झळाळते. ते चामड्यासारखे स्वतःहून नवा थर देत नाही. अमेरिकेने हाच प्रश्न सुती कापड आणि रबर यांचे थर एकत्र करून सोडवला होता. इथेही रबराचा कठीणपणा, पट्टीचा दाब आणि खाचांची रचना पुन्हा जुळवावी लागली.

२३/
जिनवाल्यांनी ते लगेच उचलले असे नाही. त्यांना केवळ सनातनी म्हणून मोडीत काढणे बरोबर होणार नाही. चामड्याच्या रोलरचे वागणे फिटरला तोंडपाठ होते: कधी खाच पाडायची, किती दाब द्यायचा, वासावरून काय ओळखायचे. नवा रोलर म्हणजे ते सारे ज्ञान नव्याने कमवायचे, तेही ऐन हंगामात. शिवाय राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना होती. रेचाईचे दर ठरलेले, काम ठरवून मिळणारे. रुई अधिक स्वच्छ निघाली म्हणून जिनवाल्याला अधिक पैसे मिळतील, अशी ती व्यवस्था नव्हती.

२४/
२००० साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. जुन्या जिनांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. सिमेंटचे ओटे आले, हवेच्या दाबाने कापूस वाहून नेणारे पाइप आले, आणि ऑटोफीडर आले. ऑटोफीडर रोलरच्या पूर्ण लांबीवर कापूस सारखा सोडतो. त्यामुळे रोलर सारखा झिजतो, पट्टी सारखी बसते. जे काम बायकांची मनगटे करत होती ते एका पत्र्याच्या पेटीने घेतले. काही जणी कापसातला कचरा निवडण्याच्या कामाला लागल्या, अनेकींचा हंगामी रोजगार गेला.

२५/
अभियंत्यांच्या अहवालांत ऑटोफीडरचे फायदे असे मांडले जातात: उत्पादन वाढते, रोलर एकसारखा झिजतो, मजूर कमी लागतात. यांतला दुसरा फायदा कबूल करताना एक गोष्ट आपोआप कबूल होते, ती म्हणजे हाताने घालण्यात कौशल्य होते आणि त्या कौशल्यावर रोलरचे आयुष्य ठरत होते. सव्वाशे वर्षे जे मजुरीच्या दरात कधी दिसले नाही, ते यंत्राच्या किमतीत दिसले.

२६/
हंगाम संपला की आजही रोलर उतरवतात. फिटर व्यास मोजतो, तीन ठिकाणी: दोन्ही टोकांना आणि मध्ये. तिन्ही मापे जवळपास सारखी आली, तर रोलर पुढच्या हंगामाला चालतो. टोक उतरले असेल तर आधी कापूस सोडणारा भाग तपासतात, मग पट्टीचा दाब, आणि शेवटी बेअरिंग.